पलटणीतला एकोणिसावा

“आता मी जे सांगणार हाय, ते तुमाला पटणार न्हाई,” सुभेदार हंबीरराव म्हणाले. “पटूच नये असं हाय ते. माझ्या डोळ्यांदेखत घडलं नसतं, तर मलाबी पटलं नसतं.”

सांगलीत, हळदीच्या पेठेमागच्या आळीत, मुक्ताबाईंच्या अंगणात भर दुपारी ते बसले होते. भोवती सतरंजीवर त्यांची माणसं पाठी ताठ ठेवून बसली होती. बहुतेक सगळी फौजेतून पेन्शनीवर आलेली. पाठींना मात्र ती बातमी अजून पोचलेली नव्हती. साताऱ्याजवळच्या वाघजाईवाडीच्या फुटबॉल टीमचे हे समर्थक. गावात त्यांना नुसतं ‘पलटण’ म्हणत.

समोर उंबऱ्याला टेकून मुक्ताबाई लसूण सोलत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी पेठेत हळदीच्या पोत्यांची गिनती ठेवली होती, आणि माणसाकडे बघतानाही आत हळद किती आणि माती किती अशा हिशेबानं बघत. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सांगलीच्या टीमचा कोच शंभूराज, हाताची घडी घालून. दाराच्या आत मुक्ताबाईंचा नातू रोहन. त्याचा एक पायच तेवढा बाहेरून दिसत होता. अंगणातल्या दोरीवर त्याचे गोलकीपरचे हातमोजे लटकत होते. वाळून त्यांना पंधरा दिवस झाले होते, पण कुणी काढले नव्हते.

“सांगा की,” मुक्ताबाई म्हणाल्या. “पटवून घ्यायचं का न्हाई, ते आमचं आमी बघू.”

हंबीररावांच्या उजव्या हाताला धनाजी बसला होता. फौजेत तो राशन-भांडाराचा हवालदार होता. वीस वर्षांत त्याच्या मोजणीत एक अंडं इकडचं तिकडं झालं नव्हतं, आणि त्याच्या आयुष्याला दुसरा अभिमान नव्हता. सकाळपासून त्याच्या हातापायांतला गारवा गेलेला नव्हता. सांगलीच्या उन्हातही.

गोष्ट सुरू झाली होती पंधरा दिवसांपूर्वी, नदीकाठच्या मैदानावर. वाघजाईवाडी विरुद्ध सांगली. त्या सकाळी याच अंगणात मुक्ताबाईंनी सगळ्या पाहुण्या पलटणीला झुणका-भाकरी वाढली होती. माझ्या नातवाच्या विरोधात ओरडायचं तर पोटभर खाऊन ओरडा, उपाशी माणसाचं ओरडणं कानाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. पलटणीनं खाल्लं आणि जाऊन नेमकी रोहनच्या गोलामागच्या पायऱ्यांवर बसली.

दुसऱ्या हाफात, दोन्हीकडं शून्य असताना, उजवीकडून उंच चेंडू आला. रोहननं तो हवेतच धरला. मैदानाच्या मध्यावर, कडेला, सांगलीकरांच्या हलग्या कडाडत होत्या. तेवढ्यात गोलामागं, पायऱ्यांवरून, शिट्टी वाजली. एकच, आखूड. रोहनला वाटलं ऑफसाइड दिला. त्यानं शहाण्या पोरासारखा चेंडू खाली ठेवला आणि फ्री किक मारायला चार पावलं मागं सरकला. वाघजाईवाडीचा शिवतेज तिथंच रेंगाळत होता. त्यानं चेंडू पायानं हळूच जाळीत सारला, म्हातारी मांजराला घरात ढकलते तसा.

रेफरी मध्यावर होता. तो म्हणाला, मी शिट्टी वाजवलीच नाही; गोल. सांगलीची बाकीची पोरं हलगीजवळ होती. ती म्हणाली, आम्हीही ऐकली नाही. शिट्टी ऐकली ती एकट्या रोहननं.

म्हणजे एकट्या रोहननं आणि अख्ख्या पलटणीनं. पण पलटण तेव्हा नाचत होती, आणि नाचताना तोंड बंद ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही.

धनाजीही नाचला. पण नाचता नाचता त्याच्या मानेवर काटा आला होता. ती शिट्टी त्यानं ओळखली होती. आधी सुईसारखी बारीक आणि मग शेवटाला घोगरी, घसा बसलेल्या माणसासारखी. अशी शिट्टी जगात एकच होती. गावच्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या पीटी हवालदार नाथाजीची. पितळेची, एका बाजूला चीर गेलेली. आणि नाथाजी गेल्या दिवाळीत वारला होता. सरणावर त्याच्या छातीवर ती शिट्टी ठेवताना हंबीरराव वाकले होते, हारांच्या खाली त्यांचा हात गेला होता. धनाजी शेजारीच उभा होता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं सांगितलं नाही.

आठवड्यानं धनाजीच्या फोनवर मुक्ताबाई बोलल्या. “भाऊ, शंभूराजनं रोहनला टीममधनं काढलं. म्हनतो, नसलेल्या शिट्ट्या ऐकू येणारा गोलकीपर मी पुण्याच्या मॅचला कसा न्यू. पोरगं जेवत न्हाई. सोबतची पोरं रस्त्यात त्येला बघून शिट्ट्या मारत्यात. मला गोल परत नको. शिट्टी तुमच्याकडनं वाजली का न्हाई, एवढंच सांगा.”

धनाजीनं फोन तसाच हंबीररावांकडं दिला. हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चौकशी करतो, आक्का.”

चौकशी त्यांनी फौजेच्या पद्धतीनं केली. पलटणीला मारुतीच्या पारावर बोलावलं. “वाजवणारा पुढं या,” म्हणाले. कुणी आलं नाही. “ठीक हाय. एकानं चूक केली की सगळी कंपनी पाठीवर वजन घेऊन पळायची, आठवतंय का? आपली माणसं ती आपली. त्यांनी केलेलं ते आपण केलेलं. सगळ्यांनी मिळून सांगलीला जायचं आणि माफी मागायची. माफीच्या कागदावर झाडून सगळ्यांच्या सह्या. धनाजी, यादी लिही.”

डोळ्यांत पाणी यावं असं ते बोलले होते. दोघांच्या आलंही. हंबीरराव एकेक नाव सांगत गेले, धनाजी एकेक नाव लिहीत गेला. शेवटची तीन नावं हलगीवाला, स्वतः धनाजी आणि गाडी चालवणारा सिद्धू; मग आकडा टाकला: अठरा. खाली रेघ मारली. धनाजीनं मारलेली रेघ म्हणजे देवानं मारलेली रेघ.

आणि सांगलीला निघायचा हा दिवस उजाडला. हंबीरराव मुक्ताबाईंना सांगत होते तो भाग इथून पुढचा.

“पहाटं धुकं असं पडलं व्हतं,” ते म्हणाले, “की स्वतःचा हात तोंडापाशी न्यायला वाट पुसावी लागावी.”

धनाजीला आठवत होतं तेवढं धुकं तसं दाट नव्हतं. पण होतं. दिवस उगवला होता, तरी अजिंक्यताऱ्याकडचा सगळा डोंगर नाहीसा झाला होता. गावच्या मैदानावर एकच गोल दिसत होता. पलीकडचा कुणीतरी रात्रीतून उचलून नेल्यासारखा. जाळीतून दवाचे थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाबरोबर जाळी हलत होती, आत कुणी टेकून बसावं तशी.

निघायच्या आधी हजेरी. एरवी हंबीरराव समोर उभे राहून हजेरी घेत. त्या सकाळी ते म्हणाले, “आज मी म्होरं न्हाई. आज सगळी सारखी. मी बी रांगंत. धनाजी, तू घे गिनती.” आणि जाऊन रांगेच्या पार डाव्या टोकाला, धुक्यात, उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण आज शेवटाला. धनाजीला त्यांचा अभिमान वाटला.

“सावधान,” धनाजी म्हणाला. “नजर समोर. गिनती कर.”

“एक.” “दोन.” “तीन.” आवाज रांगेतून सरकत गेले. उजवीकडची माणसं दिसत होती, मधली अंधुक, शेवटची नुसते आवाज. “सोळा.” “सतरा.” आणि धुक्यातून “अठरा.”

धनाजीनं मान डोलावली. अठरा आणि मी, एकोणीस. त्यानं यादी काढली. यादीत अठरा, आणि त्यात तो स्वतः धरलेला.

त्यानं यादी दोनदा बघितली. नाव दोनदा पडलेलं नव्हतं. गावातलं दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला. “एक जास्त हाय.”

“जास्त? राशनवाल्याचं एक कमी भरतं, असं ऐकलंय मी,” सिद्धू म्हणाला.

“सरक,” हंबीरराव म्हणाले. ते पुढं आले, धनाजी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिला, आणि हंबीररावांनी स्वतः गिनती घेतली. शेवटाला धनाजीनं “अठरा” म्हटलं. “बरोबर हाय की गड्या,” हंबीरराव म्हणाले. “रात्री झोपला न्हवतास वाटतं.”

वीस वर्षांच्या अंड्यांची शपथ होती. धनाजी म्हणाला, “साहेब, एकदा परत मी घेतो.” हंबीरराव परत टोकाला गेले. परत एक, दोन, तीन. परत धुक्यातून अठरा. परत अठरा आणि मी, एकोणीस.

आता माणसं नजर समोर ठेवून उभी होती खरी, पण प्रत्येकाचे खांदे शेजाऱ्यापासून आखडून घेतलेले. हलगीवाला पुटपुटला, “साहेबांनी मोजलं की नसतो. धनाजीनं मोजलं की असतो. साहेबांना भितो म्हंजे फौजेतलाच कुणीतरी.”

तेवढ्यात वाजली. रांगेच्या टोकाकडून, धुक्यातून, एकच आखूड शिट्टी. आधी सुईसारखी बारीक. मग घोगरी.

अठरा अनुभवी सैनिक, त्यातले काही सीमेवर गोळ्या खाऊन आलेले, गाडीकडे ज्या वेगानं गेले तो वेग फौजेनं कधी पाहिला नव्हता. हंबीरराव मागून चालत आले. शांत.

“वळाखली का?” त्यांनी गाडीत बसल्यावर विचारलं.

शेवटी धनाजी म्हणाला, “नाथाजी.”

“नाव नको घ्यायला,” हंबीरराव म्हणाले. “पण व्हय. त्यादिवशी गोलामागं बसलेला त्योच. आमी अठरा निर्दोष हाय, धनाजी. चूक एकोणिसाव्याची. पण त्योबी आपलाच माणूस. मेला म्हणून काय पलटणीतनं नाव कापायचं? त्याच्या वतीनं आपण माफी मागू.”

गाडीतल्या माणसांना हे लय पटलं. एका बाजूला भीती वाटत होती आणि दुसऱ्या बाजूला पंधरा दिवसांचं ओझं उतरत होतं, कारण आता आपल्यातला कुणी खोटारडा उरला नव्हता. जो होता तो जळून गेलेला होता.

कराड मागं पडलं तरी धुकं सुटलं नाही. गाडी कुठं थांबली की, इंजिन बंद झालं की, धनाजीला पुढच्या सीटकडून बारीक आवाज ऐकू यायचा. टिक. टिक टिक. शिट्टीच्या पोटातला मणी हलावा तसा. पुढं तर नुसते सिद्धू आणि साहेब बसलेले. त्यानं शेजारच्याला विचारलं, “तुला काय ऐकू येतंय का?” शेजारचा म्हणाला, “मला कायबी ऐकू येत न्हाई, आणि तूबी ऐकू नगंस.”

पेठ नाक्यावर चहाला थांबले. “यादीपरमाणं,” हंबीररावांनी टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, “अठरा चहा.” आणि पहिला कप स्वतः उचलला. धनाजी ट्रे फिरवत गेला. सगळ्यांना मिळाला. ट्रे रिकामा झाला तेव्हा धनाजीच्या हातात कप नव्हता.

“माझा कुठाय?”

सगळ्यांनी आपापल्या कपाकडं बघितलं. कुणाच्या हातात दोन नव्हते. टपरीवाला शपथेवर म्हणाला, अठराच दिले. हलगीवाल्यानं आपला कप न पिता हळूच गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि दोन पावलं मागं झाला.

“पिऊ द्या बिचाऱ्याला,” हंबीरराव म्हणाले. “दिवाळीपासून तहानलेला असंल.” आणि मिशी पुसली.

हे सगळं हंबीररावांनी अंगणात सांगितलं. धनाजीला आठवत होतं त्याच्या दीडपट सांगितलं. बॉनेटवरचा कप त्यांच्या सांगण्यात आपोआप उचलला गेला आणि रिकामा होऊन परत खाली आला. धनाजीनं तो सिद्धूला पिताना बघितला होता, पण यावेळी त्यालाही शंका आली की सिद्धूनं खरंच प्यायला का. रांगेच्या टोकाला हंबीररावांना खांद्यावर गार हात जाणवला होता, हे तर धनाजी पहिल्यांदाच ऐकत होता. पलटण माना डोलावत होती. दुपारच्या उन्हात दोरीवरचे हातमोजे वाऱ्यानं एकदा मुठीसारखे वळले आणि सुटले, आणि सिद्धू बसल्या जागी पुढं सरकला.

“तर आक्का,” हंबीररावांनी गळा साफ केला, “शिट्टी आमच्याकडनंच वाजली. तुमचा नातू खोटं बोलला न्हाई. आमच्या माणसाची चूक ती आमची चूक. हा माफीचा कागद. अठरा जणांच्या सह्या हायत.”

त्यांनी कागद पुढं केला, वाकून, दोन्ही हातांनी. वाकताना कुठंतरी टिक झालं. धनाजीनं अंग चोरलं. मुक्ताबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला, आणि परत चालू झाला.

दाराआडून रोहनचा आवाज आला. पंधरा दिवसांत त्यानं अनोळखी माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. “म्हंजे आता मी टीमला काय सांगू? मला शिट्टी ऐकू आली ती भुतानं वाजवली व्हती?”

शंभूराजनं हाताची घडी सोडली. “सुभेदार साहेब, तुमचा मान हाय. पण उद्या सकाळी टीम पुण्याला निघतीय. जित्या माणसानं समोर येऊन सांगितलं की शिट्टी मी वाजवली, तर मी रोहनला आत्ता टीममध्ये घेतो. मेलेल्या माणसाचं नाव सांगून तुमी पोराचं आणखी हसू कराल. आधी कानात बिघाड म्हनत व्हते, आता डोक्यात म्हनतील.”

हे हंबीररावांनी धरलेलं नव्हतं. त्यांनी दारातल्या त्या एका पायाकडं बघितलं. मग दोरीवरच्या हातमोज्यांकडं. “भूत पटत न्हाई का तुमाला?” शेवटी ते म्हणाले.

“आमच्या घरात भूत मानत न्हाईत, साहेब,” मुक्ताबाई म्हणाल्या, आणि मागं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं त्यांनी लसणाचा हात केला. “पर तुमी एवढ्या लांबनं आलाय. किती जण आलाय म्हनला?”

“अठरा.”

“आमच्या सोडून दाराशी चपला एकोणीस जोड हायत.”

सगळ्या माना दाराकडं वळल्या.

“मी मघाशीच मोजल्या,” मुक्ताबाई म्हणाल्या. “काय करता, चाळीस वर्सांची सवय.”

“बघा,” हंबीररावांच्या अंगात परत जोर आला. “मी सांगतो तवा कुणी मानत न्हाई. आलाय. हितंवर आलाय आमच्यासंगं.”

पलटणीनं एकमेकांकडं बघितलं. दोन माणसांच्या मध्ये जिथं जिथं हातभर जागा मोकळी होती, ती जागा आणखी हातभर रुंद झाली. हलगीवाला उठून उभा राहिला आणि कुठं जावं ते न कळून परत बसला.

“धनाजीभाऊ,” मुक्ताबाई शांतपणे म्हणाल्या, “सरणावर त्याच्या पायात चपला घातल्या व्हत्या का?”

धनाजीनं आठवून बघितलं. अशा बाबतीत तो खोटं बोलू शकत नसे. “न्हाई. अनवाणी नेला.”

“बरं. हा कागद वाचा. एकेक नाव घ्या. ज्याचं नाव निघंल त्यानं हजर म्हणायचं आन् उठून तिकडं जांभळीखाली जायाचं.”

“आवं आक्का, कशाला उगाच,” हंबीरराव म्हणाले.

“बसा तुमी,” मुक्ताबाई म्हणाल्या. “पाहुणं हाय तुमी. वाचा भाऊ.”

धनाजी वाचू लागला. भर दुपार, समोरच्या घरात कुकरची शिट्टी, आळीत रिक्षाचा आवाज, आणि तरी तो कागदावरून नजर वर काढत नव्हता. नाव घेतलं की “हजर”, आणि एक माणूस उठून घाईघाईनं जांभळीखाली जाई, बुडत्या नावेतून उडी टाकल्यासारखा. सतरंजी रिकामी होत चालली. उठलेल्या प्रत्येकाला एकच धास्ती होती: शेवटाला सतरंजीवर जे उरेल, ते कसं दिसेल.

बारावं नाव. तेरावं. रोहन आता दारात येऊन उभा होता. शंभूराज खुर्चीच्या काठावर आला होता. सोळाव्या नावाला हलगीवाला “हजर” म्हणाला तो जांभळीखाली पोचल्यावर.

“सतरा, धनाजी,” धनाजीनं वाचलं, आणि स्वतःच “हजर” म्हणून कागद हातात धरून उठला. मागं न बघता चालत जांभळीपाशी गेला. तिथून शेवटचं नाव घेतलं. “सिद्धू.”

“हजर,” सिद्धू म्हणाला आणि पळाला.

अठरा संपले. खाली धनाजीची रेघ. आता वळून बघायला हवं होतं. वाघजाईवाडीची अठरा माणसं जांभळीच्या सावलीत एकमेकांना चिकटून उभी होती आणि एकही वळत नव्हता. मागून, रिकाम्या सतरंजीवरून, आवाज आला.

टिक. टिक टिक.

धनाजी वळला. वीस वर्षं ज्यानं एक अंडं चुकवलं नाही, त्याला उरलेल्या मोजणीकडं पाठ करून उभं राहणं जमलं नाही.

सतरंजीवर एकच माणूस बसला होता. पाठ ताठ, मिशीला पीळ, मांडीवर हात. उजवा हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट दाबलेला, आणि तो हात बारीक थरथरत होता. त्या थरथरीनं खिशातलं काहीतरी टिकटिकत होतं. धनाजीनं हातातल्या यादीकडं बघितलं. वरून खाली, खालून वर. मग सकाळच्या रांगेचं शेवटचं टोक त्याला आठवलं, धुक्यातलं. आणि हारांखाली गेलेला हात. आत गेलेला त्यानं बघितला होता, बाहेर येताना मूठ उघडी होती की मिटलेली, ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला.

मुक्ताबाईंनी लसणाचं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

“गोष्ट लय झ्याक सांगितली, सुभेदार, पर खोटी हाय,” त्या म्हणाल्या. “पेठंत नवा गिनतीवाला आला की त्याचं दररोज एक पोतं कमी भरायचं. दिसभर शोधायचा. ज्या पोत्यावर बसून मोजायचा, तेवढंच मोजायचं ऱ्हायचं. अठरा माणसांची जबाबदारी घेतलीसा, कागुद केलासा, आन् त्यात तुमचं नाव न्हाई. एकोणिसावं तुमी. आता ती खिशातली शिट्टी काढा, आन् कोचसमोर माझ्या नातवाला सांगा, ती कुणी फुकली.”